जिवाणूची मोटर कोणी बनवली?



मागच्या हिवाळ्यात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचन असे नेहमीचे नमुने पाहत पाहत नववीतल्या एका मुलीच्या टेबलाशी आलो. तिने थर्मोकोलचा एक लांबट जिवाणू केला होता आणि त्याच्या मागे खेळण्यातली छोटी मोटर बसवून तिला एक वळणदार तार जोडली होती. बटण दाबले की तार गरगर फिरे. "सर, ही जिवाणूची शेपटी. ही माशासारखी हलत नाही, पंख्यासारखी फिरते," ती म्हणाली. माहिती अचूक होती. मी खूश होऊन पुढे निघालो, तेवढ्यात तिने विचारले, "पण सर, जिवाणूमधली ही मोटर बनवली कोणी?"

मी सवयीने म्हणालो, "उत्क्रांतीने."

"म्हणजे कशी?"

मी पदार्थविज्ञानाचा अधिव्याख्याता. जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे. काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर ते उत्तर मला बोचू लागले. 'उत्क्रांतीने' एवढेच म्हणायचे आणि थांबायचे, यात आणि 'कोणीतरी हुशार कारागिराने' एवढेच म्हणून थांबण्यात फरक तो काय? दोन्ही उत्तरे एका शब्दात प्रश्नाचे तोंड बंद करतात. मग मी वाचायला बसलो. तेव्हा समजले, की नेमक्या याच मोटरीबद्दल अमेरिकेतल्या एका न्यायालयात दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी साक्षी दिल्या आहेत. त्या मुलीचे उत्तर माझ्याकडे बाकी आहे. ते आज तुमच्यासमोर देतो.

केसाहून बारीक यंत्र

आधी मोटर पाहू. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू राहतो. त्याची लांबी साधारण २ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे ५०० जिवाणू ओळीने मावतील. त्याच्या अंगावर लांब, मळसूत्री धागे असतात. त्यांना कशाभिका म्हणतात. प्रत्येक धाग्याच्या मुळाशी प्रथिनांची बनलेली मोटर असते. तिला फिरणारा भाग आहे, स्थिर भाग आहे, दांडा आहे आणि दांडा व धागा यांना जोडणारा वाकडा सांधाही आहे. आपल्या मोटरीत तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. या मोटरीत पेशीच्या आवरणातून हायड्रोजनचे आयन आत येतात आणि त्यांच्या प्रवाहावर ती फिरते. सेकंदाला शंभराहून अधिक फेरे! आणि हे सारे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी जागेत.

असे यंत्र पाहिल्यावर "हे आपोआप कसे होईल?" असे कोणालाही वाटेल. वाटण्यात काहीही चूक नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: या वाटण्याचे करायचे काय?

घड्याळ आणि उंदराचा सापळा

इंग्लंडमधील विल्यम पेली या धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: माळरानावर चालताना घड्याळ सापडले, तर ते तिथे आपसूक उगवले असे आपण म्हणणार नाही. त्याची चाके एकमेकांत नेमकी बसतात, म्हणजे घड्याळजी असलाच पाहिजे. मग डोळा तर घड्याळाहून अधिक गुंतागुंतीचा. त्याचा कर्ता नको का?

पुढे १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनने दुसरे स्पष्टीकरण दिले. सजीवांच्या पिढ्यांत लहान लहान फरक पडतात. जे फरक जगण्यास उपयोगी पडतात ते टिकतात आणि पुढील पिढ्यांत वाढत जातात. ही नैसर्गिक निवड लाखो पिढ्या चालू राहिली, तर कारागीर नसतानाही कारागिरी दिसू लागते.

पेलीचा युक्तिवाद विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नव्या रूपात पुढे आला. त्याला तिकडे 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणतात. आपण 'बुद्धिपूर्वक रचना' म्हणू. त्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते म्हणजे लिहाय विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही. त्यांचे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची बाजू आपण नीट समजून घेऊ, कारण विरोधकाचे म्हणणे अर्धवट ऐकून त्याला खोडणे हे विज्ञानाला शोभत नाही.

बीही पृथ्वीचे अब्जावधी वर्षांचे वय नाकारत नाहीत. सजीवांचे पूर्वज समान आहेत, हेही त्यांना मान्य आहे. त्यांचा मुद्दा वेगळा आहे. उंदीर पकडण्याचा साधा सापळा घ्या, ते म्हणतात. फळी, स्प्रिंग, उंदरावर आदळणारा दांडा, त्याला अडकवून धरणारी तार आणि खटका, असे त्याचे पाच भाग. यांतला एक काढला तर पाव उंदीरसुद्धा पकडला जाणार नाही. सापळा एकतर पूर्ण असतो, नाहीतर निरुपयोगी असतो. जिवाणूची मोटर अशीच आहे. मग अर्धवट मोटर जर निरुपयोगी, तर नैसर्गिक निवडीने तिला टप्प्याटप्प्याने वाढवले कसे? तेव्हा ती कोणीतरी बुद्धिपूर्वक रचलेली असली पाहिजे.

युक्तिवाद जोरदार आहे, नाही का? आता तो एका शाळेत कसा शिरला ते पाहा.

डोव्हरचा वर्ग

पेनसिल्व्हानिया राज्यात डोव्हर नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या शाळामंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी एक ठराव केला. त्यानुसार नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला मुलांपुढे एक निवेदन वाचले जाणार होते. त्याचा आशय असा: डार्विनची ही केवळ एक थिअरी आहे, वस्तुस्थिती नव्हे, तिच्यात उणिवा आहेत, बुद्धिपूर्वक रचना हे वेगळे स्पष्टीकरण उपलब्ध असून ज्यांना रस असेल त्यांनी अमुक पुस्तक पाहावे.

शाळेतल्या विज्ञान शिक्षकांनी हे निवेदन वाचण्यास नकार दिला. आपला विषय जाणूनबुजून चुकीचा मांडणार नाही, असे वचन त्या राज्यातील शिक्षकांच्या आचारसंहितेत आहे. शिक्षकांनी त्यावरच बोट ठेवले. नोकरी देणाऱ्या मंडळाला 'नाही' म्हणणे सोपे नसते, हे कोणीही शिक्षक सांगेल. अखेर जानेवारी २००५ मध्ये शाळेच्या प्रशासकांनी वर्गात येऊन ते वाचून दाखवले.

त्याआधीच, डिसेंबर २००४ मध्ये, ११ पालकांनी न्यायालयात दावा लावला होता. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सरकारी शाळेला कोणत्याही धर्ममताचा पुरस्कार करता येत नाही. म्हणून प्रश्न असा उभा राहिला: बुद्धिपूर्वक रचना हे विज्ञान आहे, की विज्ञानाचा अंगरखा घातलेले धर्ममत? हॅरिसबर्ग येथे २६ सप्टेंबर २००५ रोजी सुनावणी सुरू झाली आणि ४ नोव्हेंबरला संपली. न्यायाधीश होते जॉन जोन्स.

इथे एक खबरदारी घेऊ. विज्ञानातले सत्य न्यायालयात ठरत नसते. उद्या एखाद्या न्यायाधीशाने गुरुत्वाकर्षण रद्द केले, तरी हातातला खडू खालीच पडेल. वर्गात विज्ञान या नावाखाली काय शिकवावे, एवढेच त्या न्यायालयाला ठरवायचे होते. पण त्या निमित्ताने दोन्ही बाजूंचे पुरावे शपथेवर मांडले गेले आणि उलटतपासणीत तपासले गेले. आपल्याला उपयोग आहे तो याचा.

सापळ्याचे भाग मोजताना

पालकांच्या बाजूने पहिली साक्ष झाली ब्राउन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांची. मिलर हे श्रद्धाळू कॅथलिक आहेत, हे लक्षात ठेवा. म्हणजे हा आस्तिक विरुद्ध नास्तिक असा सामना नव्हता.

मिलर यांचे उत्तर साधे आहे. सापळ्याचे दोन भाग काढले तर उंदीर पकडता येणार नाही, हे खरे. पण उरलेल्या तीन भागांचा टायला लावायचा चिमटा छान होतो! 'या कामासाठी निरुपयोगी' म्हणजे 'कोणत्याच कामासाठी उपयोगी नाही' असे नव्हे.

आता हेच जिवाणूच्या मोटरीला लावून पाहा. तिच्यातले बरेचसे भाग काढून टाकले तर काय उरते? तिच्या मुळाशी असलेल्या सुमारे दहा प्रथिनांसारखीच प्रथिने दुसऱ्या एका यंत्रात आढळतात. ते यंत्र म्हणजे काही रोगजंतूंची 'इंजेक्शनची सुई'. प्लेगचा जिवाणू तिच्यातून आपली विषारी प्रथिने दुसऱ्या पेशीत टोचतो. ती सुई फिरत नाही, पण आपले काम चोख करते. आता, मोटरीपासून सुई झाली की दोन्ही एखाद्या तिसऱ्या जुन्या यंत्रापासून झाल्या, यावर संशोधकांत चर्चा झाली आहे. अनेक पुरावे मोटर आधीची असल्याकडे झुकतात. म्हणून 'सुईची मोटर झाली' असे मी म्हणणार नाही. पण बीहींचा दावा होता, की अर्धवट यंत्राला काहीच काम असू शकत नाही. तो दावा मात्र या सुईने टोचला गेला.

मोटरीच्या इतर भागांचेही असेच नातेवाईक सापडले आहेत. तिला फिरवणारी प्रथिने, पेशीच्या आवरणातून पदार्थ आत घेण्याच्या कामी येणाऱ्या प्रथिनांशी मिळतीजुळती आहेत. जुन्या चाळीत राहणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. बिघडलेल्या पंख्याची मोटर कूलरला लागते, सायकलचे चाक रहाटाला लागते. निसर्गही नव्या कामाला जुनेच सामान वापरतो.

बीही यांची उलटतपासणी तर वाचण्यासारखी आहे. आपल्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा कशी उत्क्रांत झाली याची उत्तरे विज्ञानाकडे नाहीत, असे त्यांनी लिहिले होते. वकिलांनी त्यांच्यापुढे त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि काही पुस्तके यांची चळत ठेवली. तेवढे पुरेसे नाही, असे त्यांचे मत पडले. नंतर 'वैज्ञानिक सिद्धांत' या शब्दाची त्यांची व्याख्या विचारण्यात आली. ती इतकी सैल निघाली, की तिच्यात फलज्योतिषसुद्धा बसते, हे त्यांना कबूल करावे लागले.

आणि त्या पुस्तकाचे काय, जे मुलांना पाहायला सांगितले होते? तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी त्याचे जुने मसुदे न्यायालयापुढे ठेवले. आधीच्या मसुद्यांत 'ईश्वरी निर्मिती' असा शब्द होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निर्मितीवाद शाळेत शिकवण्यास मनाई केली. त्यानंतरच्या मसुद्यांत त्या शब्दाच्या जागी 'बुद्धिपूर्वक रचना' हा शब्द आला. आसपासचा मजकूर बराचसा तोच राहिला. एका ठिकाणी तर घाईघाईत बदल करताना जुना शब्द अर्धवट पुसला गेला आणि नवा शब्द त्याच्या पोटात जाऊन बसला! जीवाश्म केवळ खडकातच सापडतात असे नाही.

न्यायाधीशांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल दिला: बुद्धिपूर्वक रचना हे विज्ञान नाही आणि शाळामंडळाचा ठराव घटनाबाह्य आहे. त्याआधी नोव्हेंबरातच डोव्हरच्या मतदारांनी मंडळाच्या निवडणुकीत उभ्या असलेल्या आठही जुन्या सभासदांना घरी बसवले होते. पालकांच्या दाव्याचा खर्च म्हणून शाळामंडळाला सुमारे १० लाख डॉलर भरावे लागले.

हरलेले कुठे मोजायचे?

तुम्ही म्हणाल, "सर, निकाल कळला. पण 'विज्ञान नाही' म्हणजे नेमके काय नाही?"

याचे उत्तर माझ्या विषयातून देतो. एकोणिसाव्या शतकात युरेनस हा ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता. लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने म्हटले, की पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असला पाहिजे, आणि तो आकाशात अमुक जागी असेल. म्हणजे त्याने आपली मान पुढे केली. तिथे ग्रह नसता तर सारे त्याला हसले असते. बर्लिनच्या वेधशाळेत २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

उत्क्रांतीही अशीच मान पुढे करते काय? मिलर यांनी न्यायालयात सांगितलेले उदाहरण पाहा. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. आपला आणि त्यांचा पूर्वज एक असेल, तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी नाहीशी झाली असती तर प्राणी जगलाच नसता. तेव्हा दोन गुणसूत्रे टोकाला टोक जोडून एक झाली असली पाहिजेत. आता, प्रत्येक गुणसूत्राच्या टोकांना विशिष्ट रासायनिक खूण असते, जशी बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लॅस्टिकची नळी. म्हणून भाकीत असे: माणसाच्या एखाद्या गुणसूत्राच्या पोटात, जिथे टोकाची खूण असण्याचे काही कारण नाही, तिथे ती समोरासमोर दोनदा सापडली पाहिजे. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक मध्यबिंदू असतो. या गुणसूत्रात दुसऱ्या मध्यबिंदूचे अवशेषही सापडले पाहिजेत. शोध घेतला. टोकांच्या खुणा १९९१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात मिळाल्या आणि २००५ मध्ये त्या गुणसूत्राचा तपशीलवार आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा सारे चित्र स्पष्ट झाले. बीहींना समान पूर्वज मान्य होतेच. पण डोव्हरच्या मुलांना मात्र 'उत्क्रांती म्हणजे नुसती थिअरी' असे सांगितले जात होते. या 'नुसत्या थिअरी'ने नेपच्यूनसारखीच परीक्षा दिली होती.

आता हीच परीक्षा बुद्धिपूर्वक रचनेची घेऊ. अज्ञात रचनाकार कोण, त्याने केव्हा, कशाने, कोणत्या क्रमाने काम केले, यावर तिचे पुरस्कर्ते काही बोलत नाहीत. मग काय सापडले तर ते म्हणणे चूक ठरेल? टोकाची खूण सापडली तर रचनाकाराला तसे आवडले. सापडली नसती तर तसे आवडले नाही. जे स्पष्टीकरण कोणत्याही निकालाशी जुळते, ते कोणताच निकाल आधी सांगू शकत नाही. 'विज्ञान नाही' याचा अर्थ एवढाच. ते खोटे सिद्ध झाले असे नव्हे. ते परीक्षेलाच बसले नाही.

उलट उत्क्रांती कशाने हरेल? जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाला कोणीतरी हे विचारले होते, असे सांगतात. हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले. त्यांचे उत्तर होते: कँब्रियनपूर्व खडकात सापडलेला ससा! म्हणजे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात, जेव्हा माशांचाही पत्ता नव्हता. असा ससा अजून सापडलेला नाही. पण हरण्याची जागा आधीच ठरवून दिलेली आहे.

न्यूटनने जिथे पूर्णविराम दिला

कोणी म्हणेल, असा पूर्णविराम देणारे लोक बुद्धीने कमी असतात. मुळीच नाही. साक्षात न्यूटनने तो दिला होता. सर्व ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच पातळीत का फिरतात, हे त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमातून निघत नव्हते. आपल्या महान ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत त्याने लिहिले, की इतकी सुंदर व्यवस्था केवळ बुद्धिमान परमेश्वराच्या योजनेनेच होऊ शकते. पुढे कांट याने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा उघडला. वायू आणि धुळीचा फिरता ढग आकसत जाऊन चपटा झाला आणि त्यातून ग्रह बनले, अशी कल्पना त्यांनी मांडली. चिलीमधील रेडिओ दुर्बिणींनी २०१४ मध्ये एका तरुण ताऱ्याभोवतीची अशीच चपटी चकती टिपली, आणि तिच्यात रिकामी कडीही दिसली.

न्यूटनची श्रद्धा ही चूक नव्हती. देव आहे की नाही, हे दुर्बिणीने किंवा सूक्ष्मदर्शकाने ठरत नाही, आणि विज्ञान तसा दावाही करीत नाही. चूक एवढीच होती, की 'अजून ठाऊक नाही' या जागी त्याने 'शोध संपला' असे लिहिले.

त्या मुलीला उत्तर

तर माझ्या छोट्या मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. तुझ्या मोटरीची पूर्ण वाट अजून उलगडलेली नाही. पण तिचे काही टप्पे दिसतात. जनुकांच्या नकला होतात. एक प्रत जुने काम करते, दुसरीला नवे काम लागते. तिचे अनेक भाग दुसऱ्या यंत्रांतही कामाला आहेत. जुने भाग नव्या कामाला लागताना तर प्रयोगशाळेत पाहिलेही आहे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी एका जिवाणूतले, मोटर बांधण्याचा हुकूम देणारे मुख्य जनुक काढून टाकले. जिवाणू जागेवर खिळले. पण चारच दिवसांत काही जिवाणू पुन्हा पोहू लागले! नायट्रोजनची व्यवस्था पाहणाऱ्या एका दुसऱ्या प्रथिनाने, दोन उत्परिवर्तने होऊन, तो हुकूम देण्याचे काम उचलले होते. हा शोध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षात ठेव, इथे मोटर नव्याने तयार झाली नाही; तिचे भाग बनवणारी जनुके शाबूत होती, फक्त तिचे बंद पडलेले बटण दुसऱ्याने दाबले. जेवढे सिद्ध झाले तेवढेच म्हणावे.

आणि शिक्षक मित्रांनो, एक विनंती तुम्हालाही. डोव्हरच्या शिक्षकांनी वर्गात खोटे वाचायला नकार दिला. आपल्यापुढे इतका कठीण प्रसंग सहसा येत नाही. पण रोजच्या तासाला "उत्क्रांतीने", "गुरुत्वाकर्षणाने", "ऊर्जेमुळे" असे म्हणून आपणही किती प्रश्न मिटवतो! मी मिटवला होता. यापुढे मुलाने "म्हणजे कसे?" असे विचारले आणि उत्तर येत नसेल, तर मी फळ्यावर तो प्रश्न लिहून ठेवणार आहे, आणि पुढच्या तासापर्यंत पुसणार नाही.